तोंडचा घास

चौथ्या आणि सातव्या रांगेतल्या पट्ट्या एकसारख्या होत्या. हिल्काने फोटो खिडकीजवळ नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदाची कड लावून पुन्हा एकदा पाहिलं. अकरा पट्ट्या इथे, अकरा तिथे. एकही वरखाली नव्हती.

चौथी रांग तिच्या स्वतःच्या लाळेतल्या जिवाणूंच्या डीएनएची होती. सातवी तिच्या मुलाच्या, रौलीच्या, हृदयातून निघालेल्या जिवाणूंची.

पिर्यो आत आली तेव्हा हिल्का अजून खिडकीपाशीच उभी होती. पिर्यो आता या प्रयोगशाळेची प्रमुख होती, पण विद्यार्थिनी असताना नमुना न सांडता नळीत कसा सोडायचा हे तिला हिल्कानेच शिकवलं होतं. तिने फोटो पाहिला आणि दार लावून घेतलं.

“मी नको म्हटलं होतं तुम्हाला.”

“म्हटलं होतंस.”

पिर्यो बराच वेळ बोलत राहिली. दहा माणसांपैकी एकदोघांच्या तोंडात हृदयाला चिकटवणारं हे जनुक असलेले जिवाणू असतातच, त्यांना पत्ताही नसतो, त्यांची मुलंबाळं म्हातारी होऊन मरतात. दोष असलाच तर रौलीच्या हृदयाच्या झडपेचा. तीन पाकळ्यांऐवजी दोनच पाकळ्या घेऊन तो जन्माला आला होता.

“झडपही माझ्याच पोटात घडली ना,” हिल्का म्हणाली.

पिर्योने तिच्या हातातून फोटो घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

हिल्का एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत होती. लोकांच्या लाळेतले दात किडवणारे जिवाणू वाढवायचे, मोजायचे, वहीत आकडा लिहायचा. बाळाच्या तोंडात हे जिवाणू जन्मतः नसतात, दात येऊ लागले की बहुतेक वेळा आईकडूनच येतात, हे तिला रौली व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. बाळाचा चमचा स्वतःच्या तोंडात घालू नका, अशी पत्रकं तिने स्वतः प्रसूतिगृहांत वाटली होती. आणि घरी येऊन रव्याची लापशी कढत तर नाही ना, हे ओठांनी बघून तोच चमचा रौलीच्या तोंडात दिला होता. ती लापशी चाखताना त्याचंही तोंड आपोआप उघडायचं. फार तर एखादा दात किडेल, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं. सगळ्याच आया तसं करत होत्या.

रौली मोठा होऊन बेटांवर जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी झाला. गप्पिष्ट, जाडजूड, दंतवैद्याला मात्र लहान मुलासारखा घाबरणारा. एका शरद ऋतूत त्याची दाढ दुखायला लागली. लवंग दाबून धरत त्याने दीड महिना काढला. मग बारीक ताप येऊ लागला. बोटीवरच्या वाऱ्याने आला असेल, असं तो म्हणाला आणि हिल्कालाही ते पटलं. इस्पितळात नेलं तेव्हा दाढेतले जिवाणू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. झडप बदलली. नवव्या दिवशी तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

झडपेतले जिवाणू अभ्यासासाठी ठेवायला हिल्कानेच सही दिली होती. म्हणून ते आकड्याची चिठ्ठी लावून तिच्याच प्रयोगशाळेतल्या शीतपेटीत आले. मागच्या वर्षी पिर्योने त्यांच्यातलं ते एक जनुक काढून टाकलं. मूळचे जिवाणू हृदयाच्या पेशींना गोचिडीसारखे चिकटून बसत, धुतले तरी सुटत नसत. जनुक काढलेले मात्र सुटले. त्या पेशींची काचेची थाळी धुण्याचं काम हिल्काकडेच होतं. दोनदा पाणी फिरवलं आणि सगळे वाहून गेले. त्या दिवशी ती जेवली नव्हती. ते जनुक रौलीकडे कुठून आलं, हे बघायचं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

दुपारी ती बसने रुईस्सालो बेटावर गेली. तिथे एका शेडमध्ये हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढलेल्या नावा ठेवलेल्या असत आणि तिचा नवरा ताइस्तो त्यांची डागडुजी करत असे. तो एका नावेच्या पोटाखाली उताणा पडून जुना रंग खरवडत होता. कामाच्या वेळी हिल्का तिथे कधी येत नसे. तो लगेच बाहेर आला.

तिने उभ्याउभ्याच सांगितलं. पट्ट्या, जनुक, लापशी, चमचा. सांगताना तिचा आवाज कामावर आकडे वाचून दाखवताना असे तसाच होता. ताइस्तोने ऐकता ऐकता हातमोजे काढले, पुन्हा घातले. तो मुळातच कमी बोलणारा माणूस होता. रौली गेल्यापासून तर दोघं बहुतेक हवेबद्दलच बोलत.

“नक्की?” त्याने विचारलं.

“नक्की.”

तो गोठलेल्या खाडीकडे वळला. मग म्हणाला, की आपणही रौलीला भरवलं आहे. हिल्काला संध्याकाळची पाळी असे तेव्हा तो आपल्याच मांडीवर असायचा. सफरचंद आधी आपण चावून मऊ करायचो आणि मग त्याला द्यायचो.

“माझी लाळ तपास.”

हिल्काने समजावलं. हे जिवाणू दाताला धरून राहतात आणि ताइस्तोच्या तोंडात एकही दात नव्हता. लग्नाआधीच सगळे काढून कवळी बसवलेली. त्याच्या गावाकडे तेव्हा तशीच रीत होती. कवळीवर कधी कधी सापडतात, पण क्वचित. शिवाय तिचे आणि रौलीचे जुळले आहेत म्हटल्यावर आणखी बघायचं काय राहिलं?

“तरी तपास.”

“कशाला पण, ताइस्तो?”

“तू एकटीच कशाला राहतेस त्यात?”

ती रडली नाही. तिने नावेच्या लाकडावर हात टेकला आणि रंगाचे कपचे हाताला चिकटले तरी तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताइस्तो प्रयोगशाळेत आला. अंगात काळा कोट होता, रौलीला पोचवायला जाताना घातलेला. एकतीस वर्षांत तो या इमारतीत पहिल्यांदाच येत होता. हिल्काने त्याला स्टुलावर बसवलं आणि लाळ सुटावी म्हणून चघळायला मेणाची गोळी दिली. चर्चमध्ये बसावं तसा ताठ बसून तो पाच मिनिटं चघळत राहिला आणि सांगितल्यावर नळीत थुंकला. नळीवर नाव घालायचं की आकडा, असं त्याने विचारलं. आकडा, ती म्हणाली. नाव घाल, तो म्हणाला. तिने नाव घातलं.

ती लाळ तिने साखर घातलेल्या निळसर जेलीच्या थाळीवर पसरली आणि थाळी उबेत ठेवली. ही थाळी दात किडवणाऱ्या जिवाणूंखेरीज सहसा दुसऱ्या कुणाला वाढू देत नाही. दोन दिवस घरी या विषयावर कुणी बोललं नाही. पण ताइस्तोने दोन्ही सकाळी तिच्यासाठी कॉफी ओतून ठेवली. रौली गेल्यापासून तो फक्त स्वतःचीच ओतून घेत असे.

तिसऱ्या दिवशी तिने थाळी बाहेर काढली. भिंगाखाली धरली, फिरवून फिरवून पाहिली. एक ठिपकाही नव्हता. तिने ती खिडकीकडे उचलली. त्या निळसर काचेतून खालचं अंगण दिसत होतं, बर्फ दिसत होता, आणि फाटकापाशी काळा कोट घालून थांबलेला ताइस्तो. त्याला संध्याकाळी घरी सांगायचं ठरलं होतं. तो कामावर गेलाच नव्हता.

हिल्काने वहीत तारीख घातली, त्याचं नाव लिहिलं आणि पुढे शून्य लिहिलं. सही केली. थाळी धुवायच्या ढिगात ठेवली. पिर्योला सांगून ती लवकर निघाली.

तिला येताना बघून ताइस्तोने टोपी काढली.

“आलं का काही?”

एकतीस वर्षांत हिल्काने एकही आकडा खोटा सांगितला नव्हता.

“आहेत,” ती म्हणाली. “तुझ्यातही आहेत.”

“तेच?”

“तेच.”

तो तिच्याकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांच्या संसारात कुणाचा चेहरा कधी काय सांगतो, हे दोघांनाही पाठ झालेलं असतं. तिने नजर हलवली नाही.

“बरं,” तो म्हणाला.

त्याने टोपी घातली आणि तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. नदीकडे उतरणारा रस्ता दुपारी वितळून पुन्हा गोठला होता, काचेसारखा गुळगुळीत. ताइस्तो अर्धं पाऊल पुढे झाला. बर्फ कुठे घट्ट आहे हे आधी आपल्या बुटाने दाबून बघत तो उतरू लागला, आणि जिथे जिथे त्याचा पाय ठरला तिथे तिथे हिल्का पाय ठेवत गेली.