राखणेचं कलम

शमिकाने आंब्याच्या पाच कलमांना पांढऱ्या फिती बांधल्या आणि भागोजी त्या झाडांभोवती घुटमळू लागला. फीत म्हणजे काय, तर या झाडाला औषध मारायचं नाही. तुडतुडे येवोत, भुरी येवो, मोहोर जळून कोळसा होवो, कोणी हात लावायचा नाही. बापाने तर नाहीच नाही.

आता शमिका काही परकी सायबीण नव्हे. भागोजीची एकुलती एक लेक. जयगडच्या रस्त्याने आत वळलं की कातळावर त्यांची वाडी, आणि वाडीच्या वरच्या अंगाला उतारावर हापूसची बाग. त्या बागेत वाढलेली पोर विद्यापीठात गेली आणि संशोधनाची शिष्यवृत्ती घेऊन परत त्याच बागेत आली. झाडाझाडावर तिने डब्या लावल्या. पानावर ओल किती, हवेत दमटपणा किती, हे त्या डब्या दिवसरात्र मोजायच्या आणि तिच्या फोनवर पाठवायच्या. कुठल्या झाडावर कीड कधी येणार हे आधीच कळलं, तर त्याच झाडाला, तेवढंच औषध मारायचं. वाडीतल्या लोकांनी आधी तोंडावर हात धरून हसून घेतलं, मग हळूहळू बघायला येऊ लागले.

शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, पण दरवर्षी मोठी माणसं बसून काम तपासायची. पसंत पडलं तर पुढे, नाहीतर गाशा गुंडाळा. आणि गाशा गुंडाळून घरी आलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे वाडीत कोणाला सांगायला नको. मुंबईतलं एक स्थळ तिच्या आतेने केव्हाचं बघून ठेवलं होतं.

"काही झाडांना नेहमीसारखं मारायचं, काहींना डबी सांगेल तेव्हा, आणि ही पाच तशीच ठेवायची," शमिकाने समजावलं. "न मारलेल्या झाडाचं काय होतं ते दिसल्याशिवाय मारल्याचा उपयोग कळणार कसा, बाबा?"

"म्हणजे जेवणाची किंमत कळायला एक पोर उपाशी ठेवायचं. वा गो शाणे!" भागोजी म्हणाला.

ती हसली. पण भागोजीला हसू येईना, कारण पाचातलं एक झाड होतं राखणेचं कलम. झाडं तिने चिठ्ठ्या टाकून निवडली होती, आपल्या मनाने निवडायची नाहीत असा म्हणे नियम, आणि नेमकी चिठ्ठी त्यावर पडली. बागेच्या टोकाला त्या कलमाच्या बुंध्याशी राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. हंगामाचा पहिला आंबा त्या झाडाचा, तो दगडापुढे ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग तोच कापून वाडीत प्रसाद वाटायचा. त्याआधी वाडीत कोणी आंबा तोंडात घालत नाही. गाऱ्हाण्याचा मान भागोजीच्या घराण्याचा. आता त्याच झाडाला फळ नाही धरलं तर देवापुढे काय ठेवायचं? बाजारातून आणून ठेवायचं?

"तेवढं एक झाड बदल गो बाय."

"एक बदललं तर सगळंच खोटं होईल, बाबा."

भागोजीने हो म्हणून मान हलवली. मान हलवायला त्याचं काय जातं!

पुढच्याच आठवड्यात शमिका विद्यापीठात गेली आणि इकडे मोहोरावर तुडतुडे दिसले. राखणेच्या कलमाखाली उभं राहिलं की पावसासारखे अंगावर उडायचे. भागोजी दोन दिवस कसाबसा गप्प बसला. तिसऱ्या दिवशी सगुणा, त्याची बायको, रत्नागिरीच्या बाजाराला गेलेली बघून त्याने पंप बाहेर काढला. एकाच झाडाला मारीन म्हणून गेला होता. ते झालं आणि उरलेली चार फितीवाली झाडं त्याच्याकडे बघत उभी. पाच भावंडांतल्या एकाला वाढायचं आणि चौघांना पानावरून उठवायचं, हे त्याच्याने होणार होतं थोडंच! पाचही झाडं त्याने भर उन्हात चिंब केली.

आणि खरं सांगायचं तर देवापेक्षाही जास्त भीती त्याला दुसरीच होती. ही पाच झाडं काळी पडली की मोठी माणसं येणार, बघणार, आणि म्हणणार, या मुलीच्या बागेत झाडं मेली. झाडं नापास म्हणजे पोर नापास. अरे देवा! ती झाडं नापास व्हावीत म्हणूनच तर ठेवली होती! तिने शंभरदा सांगितलं होतं, पण मायेने कान बंद झाले की माणूस शंभरदा सांगूनही बहिराच.

सगुणा आली, तिने दांडीवरचा सदरा नाकाशी धरला. "औषधाचा वास कसला हो?"

"रघू मारतोय बांधापलीकडे, त्याच्या बागेत. वाऱ्याने आला असेल."

तिने नवऱ्याकडे बघितलं आणि सदरा बादलीत बुडवला.

शमिका परत आली ती फोन हातात धरूनच पडवीत बसली. "बाबा, मंगळवारी दुपारी राखणेच्या कलमाच्या पानांवर ओल दिसतेय. दव होतं काय?"

"होतं की. मोप होतं."

"दुपारी?"

"कातळावर काय गो, केव्हा पण पडतं."

शमिका बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि फोन पालथा ठेवला.

त्या साली पाचही झाडांचा मोहोर टिकला. राखणेच्या कलमाला तर फांदी वाकेल एवढी फळं. शमिकाच्या विद्यापीठातल्या मॅडम बघायला आल्या आणि चकितच झाल्या. औषधाचा थेंब नाही आणि झाडं निरोगी! उतारावर समुद्राचा वारा थेट येतो, म्हणून इथे तुडतुडे टिकत नसावेत, असा काहीतरी शोध निघाला. तपासणाऱ्यांनी पाठ थोपटली, शिष्यवृत्ती पुढे चालू झाली, पेपरात लेकीचा फोटो आला. भागोजीने तो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला. लावताना देवाकडे मात्र बघितलं नाही.

मग शाळेत सभा झाली. शमिकाने पडद्यावर चित्रं दाखवली, आणि सभा संपल्यावर रघू उभा राहिला. रघू म्हणजे भागोजीचा चुलतभाऊ. दोघांचा बांधाला बांध, एकच उतार, एकच वारा. जन्मभर औषध फवारून त्याची छाती अशी झाली होती की हंगामात तो बसूनच झोपायचा.

"म्हणजे यंदा मी पंप काढू नको म्हणतेस, बाय?" रघूच्या तोंडावर असं काही सुख होतं की बघवत नव्हतं.

शमिकाने एकदा बापाकडे बघितलं. भागोजी पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत होता.

"आकडे तरी तसंच सांगतायत, काका," ती म्हणाली.

पुन्हा थंडी आली, पुन्हा मोहोर. आणि भागोजीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. फितीची झाडं यंदा सोडून दिली तर ती जळणार, आणि गेल्या सालचं खोटं उघडं पडणार. मारली तर रघू आपला हातावर हात ठेवून बसणार, कारण बांधापलीकडे झाडं हिरवी दिसतायत. शेवटी न राहवून तो रघूकडे गेला. रघू यंदा चक्क अंगणात खाटेवर आडवा पडून ऊन खात होता.

"रघू, एक हात मारून घे रे. उगाच धोका नको."

रघू उठून बसला आणि हसला. "भागोदादा, अख्खा जिल्हा पोरीचं कौतुक करतो, आणि तुझाच लेकीवर भरवसा नाय?"

खरं तर एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं एक वाक्य! पण ते बोललं की लेकीचं सगळं गेलं. भागोजी म्हणाला, "हाय रे, हाय भरवसा," आणि घरी आला. शमिका विद्यापीठात होती. दुसऱ्या दिवशी त्याने पाचही झाडांना पुन्हा औषध मारलं. या वेळी शमिकाने परत आल्यावर दवाचं विचारलंच नाही.

रघूचा मोहोर पंधरवड्यात गेला. आधी पानांवर चिकटा आला, मग काळं पडलं, मग मोहोर हातात घेतला की नुसता चुरा. शमिका त्याच्या बागेत जाऊन आली आणि पडवीच्या पायरीवर बसली. पायांना चिकटा तसाच.

"काका म्हणाले, बाय, तुझी काय चूक, वाराच फिरला असेल." ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली. "मलाच पाणी आणून दिलं त्यांनी."

भागोजी तिच्यासमोर खाली बसला. "शमे, माझ्या हातून पाप झालंय गो. ती पाच झाडं..."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"भर दुपारी कुठलं दव पडतं, बाबा? एवढं शिकून मला तेवढं कळत नाही होय?" तिने तोंड ओढणीत घातलं. "मी त्याच दिवशी ओळखलं. वाटलं, एवढंसं आहे, जाऊ दे. मग मॅडम खूश झाल्या. मग थांबताच आलं नाही."

आत चुलीपाशी भांडं आपटल्याचा आवाज झाला. सगुणा आतून ऐकत होती. म्हणजे तिघांच्या घरात तिघांनाही ठाऊक, आणि तिघं एकमेकांना वाढत होती, जेवत होती, झोपत होती. याला घर म्हणायचं!

"आता?" भागोजीने विचारलं.

"एकच वर्ष राहिलंय," शमिका म्हणाली. "गप्प बसा बाबा. पाया पडते तुमच्या. पुढच्या साली मी काकांच्या बागेत मरेस्तोवर काम करीन."

बाप गप्प बसला. लेकीसाठी बाप काय काय करतो!

राखणेचा पहिला आंबा उतरवायचा दिवस आला. वाडीतली माणसं कलमाखाली जमली. भागोजीने आंबा दगडापुढे ठेवला, अगरबत्ती लावली. शमिका नारळ घेऊन मागे बायकांत उभी होती. गाऱ्हाण्याला हात जोडणार एवढ्यात रघू पुढे आला. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता.

"भागोदादा, आज माझ्यासाठी पण शब्द टाक. एकच उतार, एकच वारा. तुझी पाच झाडं औषधाशिवाय हिरवी, आणि माझी अख्खी बाग काळी? ही करणी हाय. पोरीच्या यशावर जळणाऱ्या कोणीतरी केलंय. ज्यानं केलं त्याच्या घरात दिवा लावायला माणूस उरू नये, असं बोल. तुझ्या तोंडचा शब्द देव खाली पडू देत नाय."

"असं नको रे बोलूया."

"का नको? माझी बाग गेली नि शाप पण नको?"

रघूचं बरोबर होतं. सगळे "बोल बोल" म्हणू लागले. भागोजीने हात जोडले, डोळे मिटले. गाऱ्हाणं कसं चालतं, तर एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी माना खाली घालून होकार भरायचा. काय मागितलं याच्याकडे निम्म्यांचं लक्षही नसतं.

"बा राखणदारा म्हाराजा! हा तुझ्या झाडाचा आंबा तुझ्या पायाशी ठेवलाय, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"वाडीतली पोरंबाळं, मुंबईला गेलेले चाकरमानी, सगळ्यांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बा म्हाराजा, रघूच्या बागेचं ज्यानं वाटोळं केलं, त्याच्या घरात..." इथे भागोजी अडला. त्याच्या घरात दिवा लावणारं होतं कोण? मागे नारळ घेऊन उभी होती तीच. रघू खोकला, आणि वाट बघत राहिला.

"ती बाग मी जाळली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, सवयीने, मान खाली घालून.

"या पाच झाडांना मी चोरून औषध मारलं. दोन्ही साल मारलं. रघू मला विचारत होता तेव्हा पण मी खोटं बोललो."

"व्हय म्हारा..." या वेळी होकार अर्ध्यावरच फुटला. एकेक मान वर झाली. रघूची आधीच वर होती.

भागोजीने डोळे उघडलेच नाहीत. घाईघाईने, कोणी काही बोलायच्या आत, त्याने शेवटचं मागणं मागितलं. "जे केलं ते मी एकट्यानं केलं. शाप लागायचा तर मला एकट्याला लागू दे. माझ्या पोरीला यातलं काय एक ठावक नव्हतं, म्हाराजा!"

दोघातिघा म्हाताऱ्यांनी पुटपुटत होकार भरला. पोरीचं तरी भलं होवो, एवढंच त्यांच्या मनात.

"नाही म्हाराजा," मागून आवाज आला.

गाऱ्हाण्यात नाही म्हणायची रीत नाही. आजवर कोणी म्हटलेलं नाही. शमिका बायकांतून पुढे आली. नारळ तिने दगडाशी ठेवला नाही, छातीशी तसाच धरला होता.

"मला ठाऊक होतं, काका."

"कधीपासनं गो?" रघूने विचारलं. चिडून नव्हे. एवढं कळवळून विचारलं की भागोजीला वाटलं, याने कानाखाली मारली असती तर बरं.

"पहिल्या सालापासून. शाळेत तुम्ही विचारलंत तेव्हा पण."

रघूने तिच्याकडे बघितलं, भागोजीकडे बघितलं. मग पायात चपला सरकवल्या, आणि खोकत खोकत बांध ओलांडून आपल्या काळ्या बागेत गेला. त्याच्यामागे बाकीची माणसंही एक एक करून उतरू लागली. कोणी शिवी दिली नाही, कोणी पचकन थुंकलं नाही. भागोजी आंबा कापायला विळी घेऊन उभा राहिला, पण प्रसादाला हात पुढे करणारं कोणी उरलं नव्हतं.

शमिकाने झाडाची पांढरी फीत सोडली आणि तिथेच उभं राहून मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी शमिका," ती म्हणाली. "दोन्ही वर्षांचं काम खोटं आहे."

विळी भागोजीच्या हातात तशीच राहिली. त्या साली राखणेचा आंबा न कापताच दगडापुढे सडला.