अदाज्यो काकांकडे

"काका, उद्यापासून जलद तुकडे रेकॉर्डवर लावू. तुम्ही फक्त अदाज्यो वाजवा," बॅले नाचाच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले.

बावीस वर्षं मी या वर्गात पियानो वाजवतोय. हल्ली संधिवातानं उजव्या हाताची दोन बोटं आखडलीत. उड्यांच्या तुकड्यात ती मागे पडतात, हे मलाही कळत होतं. पण अदाज्यो? ती तर संथ लय. मुली एक पाय उचलून सावकाश वळतात, तेव्हाची. ती काय, कुणीही वाजवेल. म्हटलं, झालं, आपल्याला मोडीत काढलं. उद्या हेही काढून घेतील.

"मग सोडा काम," घरी बायको म्हणाली, "आणि दिवसभर माझं डोकं खा."

म्हणून दुसऱ्या दिवशी गाल फुगवून का होईना, गेलो. मोठ्या मुलींनी पाय उचलले. त्यांतली सगळ्यांत उंच, आमची लंबू, सगळ्यांत पुढे. तिच्या टेकलेल्या पायाचा गुडघा थरथरताना दिसला आणि माझा जीव कळवळला. पोरीची लवकर सुटका व्हावी म्हणून मी गुपचूप लय वाढवली. तिचा तोल गेला, ती खाली बसली.

"काका, घाई केलीत," ती रागानंच म्हणाली.

"अगं, तुला त्रास होत होता."

"तो होणारच. रेकॉर्ड आमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही थांबता. म्हणून तर आम्ही बाईंना सांगितलं, बाकी काहीही लावा, अदाज्यो काकांकडेच."

मी बाईंकडे पाहिलं.

"अदाज्यो म्हणजे नुसतं हळू नाही, काका," बाई हसल्या. "मूळ अर्थ निवांतपणे. तुम्हाला माहीत असेलच."

कसलं माहीत! बावीस वर्षं मी हळू वाजवत होतो. पण मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"चला, परत," मी म्हणालो.

या वेळी मी लंबूच्या खांद्यांकडे बघत वाजवलं. ती श्वास घेई, तेव्हा मीही घेई. गुडघा थरथरला, मी तसाच वाजवत राहिलो. ती पूर्ण वळली. शेवटच्या सुरावर बोट ठेवून मी थांबलो. तिचा पाय अलगद जमिनीला टेकला, तेव्हा दाबलं.