रंगांच्या मॅडम

"तुमची विनंती प्रोसेसमध्ये आहे सर. थोडा धीर धरा," ती म्हणाली आणि पलीकडच्या श्वासाकडे कान लावून बसली. हा माणूस लगेच बोलत नसे. आधी एक लांब श्वास, मग शब्द.

"असू दे, असू दे. तुमच्याकडे गडबड असेल. मी उद्या करतो फोन." जरा थांबून त्याने विचारलं, "मॅडम, रागावला नाहीत ना?"

"नाही हो सर. रागवायचं काय त्यात."

फोन बंद झाला तरी तो श्वास हेडफोनमध्ये राहिल्यासारखा वाटला. तिने हेडफोन काढून पुसला आणि पुन्हा घातला.

फर्निचरच्या दुकानावरचा हा मजला. दारावर पाटी नाही, खिडक्यांना गडद काच. आधी ती डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. ऑपरेशनला घाबरलेली माणसं तिच्याशी दोन शब्द बोलली की निवांत होत. भुलीचं अर्धं काम हीच करते, असं डॉक्टर म्हणायचे. मग दवाखाना विकला गेला, नव्या मालकांना तरुण चेहरे हवे होते, आणि घरी गुडघ्यांनी बसवून ठेवलेली आई होती. इथल्या साहेबांनी मुलाखतीत तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून तिला चार ओळी वाचायला लावल्या आणि म्हणाले, "उद्यापासून या."

इथून चालणारा मोबाइलवरचा गेम म्हणजे निव्वळ पोरखेळ. लाल की हिरवा, एक रंग निवडायचा, त्यावर पैसे लावायचे, मिनिटभरात निकाल. नव्या माणसाला सुरुवातीला पैसे मिळत आणि ते लगेच त्याच्या बँकेतही जात. लोक फोन करून आभार मानत, तिलाही बरं वाटे. मग तीच माणसं मोठ्या रकमा लावत, आणि फोनचा सूर बदले. ॲपमध्ये पैसे दिसायचे, हातात यायचे नाहीत. काढायला गेलं की आधी टॅक्स भरा, मग खातं तपासायची फी, मग आणखी काही. कोणाला काय सांगायचं ते तिच्या स्क्रीनवर लिहून येई. ती वाचून दाखवी, एवढंच.

एकदा चहाच्या वेळी तिने काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या चष्मेवाल्याला सहज विचारलं, "रंग कोणता येणार हे ठरतं तरी कसं?"

"तुम्हाला खरंच माहीत नाही?" त्याने कपात बिस्किट बुडवलं. "कुठल्या रंगावर किती लागलेत ते सिस्टीमला दिसतं ना. ज्याच्यावर कमी, तो येतो. मी काही करत नाही. आपोआप होतं."

"आणि खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर ते सर असतात, खात्रीचा रंग सांगणारे?"

"मागच्या खोलीत बसतात. डबा खाताना रोज भेटतात की तुम्हाला."

"म्हणजे कोणी जिंकतच नाही?"

"जिंकतात ना. जिंकले नाहीत तर पुढे लावतील कसे?" बिस्किट तुटून चहात पडलं. तो चमच्याने ते शोधू लागला.

त्या दिवसापासून त्या माणसाचा श्वास तिच्याबरोबर घरी येऊ लागला. आईसाठी पाणी तापवताना, बसच्या रांगेत, नळ सोडल्यावर पाणी यायच्या आधी पाइपात हवा घुमते त्यातसुद्धा. कोणी बोलायच्या आधी जरा थांबलं तरी ती हातातलं काम थांबवायची. आई म्हणाली, "कोणाची वाट बघतेयस का? सारखी दाराकडे बघतेस."

नोकरी सोडावी असं रोज वाटे. रोज आईच्या औषधांची पिशवी दिसे, आणि ती चपला घालून निघे.

शेवटी एका दुपारी, साहेब जागेवर नसताना, त्या श्वासवाल्या माणसाचा फोन आला. तिने स्क्रीनवरून नजर काढली.

"काका, नीट ऐका," ती हळू आवाजात म्हणाली. सर म्हणायचं ती विसरली होती. "आता एक पैसाही घालू नका. जे दिसतंय ते नुसते आकडे आहेत. ते पैसे येणार नाहीत."

श्वास आला.

"मॅडम, तुमची तब्येत बरी नाही का आज?" त्याने काळजीने विचारलं.

"काका, मी खरं सांगतेय."

"असं कसं? तुम्हीच सांगितलंत ना, टॅक्स भरला की मोकळं होईल म्हणून. तुमच्या शब्दावर तर मी…" तो ओशाळून हसला. "तुम्ही दमलाय. आराम करा. मी दुसऱ्या मॅडमना विचारतो."

त्याने विचारलं असावं. कारण नंतर त्याच्या खात्यात पुन्हा पैसे भरल्याचं तिला दिसलं, आणि त्यानंतर त्याचे फोन थांबले.

फोन थांबले तसा श्वास जास्तच जवळ आला. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी स्क्रीनवर तो नंबर उमटला तेव्हा तिने लगेच फोन घेतला. पण पलीकडे एक बाई होत्या.

"तुम्ही त्या रंगांच्या मॅडम का?"

"हो… म्हणजे, बोला."

"मी त्यांची बायको. भांडायला नाही केला फोन. भांडून झालं माझं त्यांच्याशी. आता ते कोणाशीच बोलत नाहीत हो. नीट जेवत नाहीत. नुसते खुर्चीत बसतात. मी म्हटलं काही, तर म्हणतात, मॅडम सांगतील. तुम्ही एकदा सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

तिने पत्ता विचारला. मग हेडफोन टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि साहेबांच्या केबिनवरून सरळ पुढे गेली. त्यांनी कुठे म्हणून विचारलं. ती जिना उतरत होती.

घर दोन खोल्यांचं, लख्ख आवरलेलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक बारीक माणूस खिडकीशी बसला होता. हातात फोन. त्याचा स्क्रीन काळा होता, तरी अंगठा अधूनमधून हलत होता. त्याने मान वर केली नाही.

"काका," ती म्हणाली.

तो झटकन उभा राहिला. चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं. "मॅडम? तुम्ही स्वतः आलात? झालं का माझं काम?"

"नाही झालं काका. होणार नाही."

"बरं बरं," तो समजूतदारपणे म्हणाला. "वेळ लागतो. बसा ना." आणि बायकोकडे वळून, "अगं, मॅडमना पाणी दे."

ती स्वयंपाकघरात बाईंपाशी गेली आणि तिथेच उभ्याउभ्या बोलली. आधी बँकेत जा. सायबर पोलिसांकडे तक्रार करा, आजच. ॲप काढून टाकायच्या आधी त्यातल्या सगळ्या स्क्रीनचे फोटो घ्या, पैसे कोणकोणत्या खात्यांत गेले ते त्यात आहे. "आणि काकू, आता कोणीतरी फोन करेल, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा म्हणून. तेही त्यांच्यातलेच असतात. एक पैसा देऊ नका."

"मिळतील का पैसे?"

"सांगता येत नाही. बहुतेक नाही."

बाईंनी पेला ओट्यावर ठेवला. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"आधी नव्हतं," ती म्हणाली. "नंतर होतं. तक्रारीत माझं नाव घाला. मी येते तुमच्याबरोबर. ऑफिस कुठंय, कोण कुठे बसतं, सगळं सांगते."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. मग त्या बाहेर गेल्या आणि नवऱ्याच्या हातातून अलगद फोन काढून घेतला. त्याने देऊ दिला. हात मात्र तसाच राहिला, बोटं वळलेली, मधे फोनाएवढी जागा.

"चला," बाई म्हणाल्या. "बँक उघडली असेल."

ती दारापाशी आली तेव्हा तो तिच्या आधी तिथे पोचला होता. एक गुडघा टेकून त्याने तिच्या सँडल जुळवून तिच्या पावलांसमोर ठेवल्या.

"अहो काका, नको…"

"राहू दे," मागून बाई हलकेच म्हणाल्या. "जन्म चपलांच्या दुकानात गेला त्यांचा. दारात कोणी आलं की राहवत नाही."

त्याने तिच्या सँडलचा पट्टा ओढून पाहिला, एक भोक पुढे घेतला, टाचेमागे बोट घालून जागा तपासली. त्याची बोटं थरथरत नव्हती. तो उठला आणि मान तिरकी करून तिच्या पावलांकडे पाहू लागला.

"चालून बघा, मॅडम."

ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"लागतंय का कुठे?" त्याने विचारलं.

नाही, अशी तिने मान हलवली.