सकाळचा विस्तव

सोनुबाईच्या चुलीतला विस्तव कधी विझत नाही, असं कडाव गावात सगळे म्हणत. म्हणण्यात कौतुक थोडं आणि थट्टाच जास्त असे. नवरा गेला, पोरी नांदायला घाटावर गेल्या, म्हैससुद्धा विकून झाली, पण म्हातारीने विस्तव काही सोडला नाही. रोज निजायच्या आधी निखाऱ्यांवर एक गोवरी ठेवायची, वर राखेचं जाड पांघरूण घालायची आणि मगच स्वतः घोंगडीत शिरायची. एकटीच्या दीड भाकरीला एवढा जामानिमा कशाला, असं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "माज्यासाटी कोन ठेवतंय? शेजारच्या बयेसाटी ठेवत्ये."

ही शेजारची बया म्हणजे चिमा, सहदेवची बायको. खालापूरकडची पोर. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती. होता तो सासरा कोंडाजी, जो दिवसाकाठी चार शब्द बोलला तर गावाला नवल वाटे. नवरा न्याहारी झाली की कर्जतच्या स्टेशनात हमालीला निघून जाई. चूल रात्री कशी झाकावी हे शिकवणार कोण? पहिल्याच सकाळी चूल गार पडली आणि ही हातात फुटक्या मडक्याचं खापर घेऊन सोनुबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, इस्तव हाय का गं?"

"खालापुरात चुली पेटत नाय वाटतं?" सोनुबाईने विचारलं.

"पेटतात की. पन त्या आमची आय पेटवते."

सोनुबाई हसली, आणि तिथेच ती फसली. तेव्हापासून तिची सकाळ उजाडायची ती कोंबड्याच्या आरवण्याने नव्हे, या पोरीच्या हाकेने. चिमा यायची, खापर बाजूला ठेवायची आणि चुलीपुढे फतकल मारून बसायची. विस्तव न्यायला किती वेळ लागतो? पण न्याहारीचा विषय निघाला की दोघींना दिवस कमी पडे. कोंडाजीला पेजच लागायची, गरम, वर भाजलेला सुका बोंबील. सहदेवला तव्यावरची ताजी भाकर. चिमाला स्वतःला आवडायचा रात्रीचा शिळा भात, ताक घालून, सोबत तिखट मिरची. सोनुबाईचे दात कधीच गेलेले, ती भाकरी ताकात कुस्करून खायची आणि वर म्हणायची, दात असते तर मी काय खाल्लं असतं ते तुला कळलंच नसतं. पेजेत मीठ शिजताना घालायचं की वाढल्यावर, हा त्यांचा खास वाद. चिमा म्हणे शिजताना. सोनुबाई म्हणे, मीठ आधी घालणाऱ्या बाईच्या हाताला चव नसते. तो वाद कुणालाच मिटवायचा नव्हता.

आणि चिमाच्या घरी रोज काही ना काही घडायचंच. एकदा भाकरी राखेत पडली, ती तिने नुसती झटकून सासऱ्याला वाढली, तर एरवी मुका असलेला कोंडाजी म्हणाला, "आज खरपूस झालीय." एकदा सहदेवची बांधून ठेवलेली न्याहारी बकरीने फडक्यासकट खाल्ली. एकदा वाकून पेज भुरकताना कोंडाजीचं पागोटंच पेजेत पडलं आणि त्याने ते मुकाट्याने पिळून पुन्हा डोक्यावर ठेवलं. हे सांगताना चिमा अशी हसायची की हातातलं खापर हिंदकळे. एकदा तसंच हसत निघाली, ठिणगी उडाली आणि लुगड्याला भोक पडलं. तेव्हापासून ती उठली की सोनुबाई पाठीमागून रोज एकच सांगे, "पदर सांभाळ गं."

सगळं असं छान चाललेलं असताना सहदेवने काडेपेटी आणली.

कर्जतच्या बाजारातून आणली. वर मोराचं चित्र, भोवती गुलाबी कागदाची पट्टी चिकटवलेली. अंगणात उभा राहून त्याने ती सोनुबाईला दाखवली, जणू आगगाडीच विकत घेतली होती.

"आजी, आता तुमाला सकालचा तरास नाय. काडी वढली की झाला जाल."

"बरं झालं रं बाबा," सोनुबाई तोंडदेखलं म्हणाली. त्रास म्हणे! त्या रात्री तिने विस्तव झाकला खरा, पण हात चालत नव्हता. सकाळी उठून ती चुलीपुढे नुसती बसून राहिली. भाकरीचं पीठही काढलं नाही. या वयात माणसाला लागतं काय? एक घोंगडी, मूठभर तांदूळ आणि कुणीतरी दारात येऊन मारलेली एक हाक. त्यातली हाक आता एका डबीत बंद झाली, असं तिला वाटलं आणि तिला त्या मोराचा राग आला.

"आजी, इस्तव हाय का गं?"

चिमा दारात उभी होती, हातात तेच खापर.

"आता कशाला? पेटी आनलीय ना तुज्या नवऱ्यानं?"

"जलली ती पेटी. काडी वढली तर नुसती फुस्स. वली हाय वाटतं."

दुसऱ्या दिवशी काड्या वाळत घातल्या होत्या. मग त्या उंदराने पळवल्या. मग सासरा पेटीवर बसला. मग काडी पेटली, पण नेमकी तेव्हाच चिमाला शिंक आली. सोनुबाई पोट धरून हसायची आणि हसता हसता बोलायचीही, "कर्जतात आगीनगाडी आली, पेटीत आग आली, पन आमच्या चिमीच्या डोस्क्यात अक्कल काय येत नाय." चिमा मान डोलवून कबूल करायची. सोनुबाई मनातल्या मनात त्या उंदराला, त्या शिंकेला दुवा द्यायची. पोर धांदरट आहे म्हणून आपली सकाळ टिकली, असं तिला अगदी खरं वाटत होतं.

पौषातली गोष्ट. भात झोडून झालेलं, थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. चिमा एका पायाने लंगडत आली, पण तोंडभर हसत.

"काय गं, काय झालं?"

"काल हितनं गेल्यावर कोंबडीनं भाकर पलवली गं आजी! त्यांची ताजी भाकर, तव्यावरून उतरवली आन् गेली घेऊन. मी तिच्या पाठी. ती गोठ्यात शिरली, मी गोठ्यात. ती म्हशीच्या पाठीवर, मी शेनात. आन् पायात घुसला बोराटीचा काटा, ह्यो एवडा!"

"आन् भाकर?"

"भाकर म्हशीनं खाल्ली."

दोघी इतक्या हसल्या की सोनुबाईला ठसका लागला. मग तिने पोरीची टाच मांडीवर घेतली. काटा निघालेला होता, भोक बारीकसं, बाभळीच्या बीएवढंही नाही. धुऊन तिने त्यावर गरम बिब्ब्याचं तेल लावलं, हळद दाबली. चिमा "आय गं" म्हणाली आणि पुन्हा हसली. काटा कुणाला लागत नाही? शेतकऱ्याच्या घरात तर पायात काटा हा पाहुणाच असतो, येतो आणि जातो. सोनुबाईने तो दुपारपर्यंत विसरूनही टाकला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी चिमा बसली, पण सोनुबाईने पुढे केलेल्या शिळ्या भाताचा घास तिने तोंडातच धरून ठेवला.

"गिल ना."

"चावंना गं आजी. जबडा भरल्यासारका वाटतोय."

"तुज्या भाकऱ्या चावून चावून शेवटी तुजाच जबडा दमला," सोनुबाई म्हणाली. चिमा हसायला गेली, पण तोंड पुरतं उघडलंच नाही. तिने खापरात विस्तव घेतला आणि उठली. "पदर सांभाळ गं," सोनुबाईने सवयीने म्हटलं. चिमाने मागे वळून हात हलवला.

तो धनुर्वात होता. संध्याकाळपर्यंत तिला दातखीळ बसली. गावातल्या वैदूने पाहिलं आणि पाय मागे घेतला. कुणी भूतबाधा म्हणालं, कुणी नजर. सोनुबाईने कुणाचं ऐकलं नाही. ती शेजारच्या घरी जाऊन पोरीच्या उशाशी बसली. जरा कुठे भांडं वाजलं, उजेड पडला की चिमाचं अंग ताठ होऊन वाकायचं आणि डोळे मात्र अगदी शुद्धीवर असायचे. ते डोळे बघवत नव्हते. सोनुबाईने पातळ पेज करून आणली. मीठ तिने शिजतानाच घातलं होतं.

"बघ, तुजंच ऐकलं गं बाय," ती कानाशी हळूच म्हणाली. "आधी घातलंय. तूच खरी. आता तरी घोट घे."

मिटलेल्या दातांतून पेज आत गेलीच नाही. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळली. सोनुबाईने पदराने पुसली आणि पुन्हा चमचा लावला, पुन्हा पुसली. घरातली चूल तोवर गार पडून गेली होती, तिच्याकडे पाहायला कुणाला वेळ नव्हता. थोडं अंग पुसायला पाणी तापवून आणते म्हणून सोनुबाई पहाटे आपल्या घरी आली आणि भांड्यात पाणी ओतते न ओतते तोच शेजारून सहदेवचा हंबरडा ऐकू आला. ती तशीच खाली बसली. ऊर फुटून रडावं असं वाटत होतं, पण रडूसुद्धा येईना.

उजाडलं. शेजारच्या अंगणात बायकांनी चिमाला हळद-कुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं. अहेव गेली, नशीबवान, असं कुणीतरी म्हणालं. सोनुबाईला त्या बाईच्या तोंडात राख भरावीशी वाटली. नशीबवान म्हणे! ती आपल्या चुलीपुढून उठली नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. सहदेव उभा होता, हातात नवं कोरं मडकं. प्रेतापुढे विस्तवाचं मडकं घरच्या चुलीचं जातं, ही जुनी रीत. पण घरच्या चुलीत राखेशिवाय काही नव्हतं.

"आजी," तो म्हणाला. मागे अंगणात बसलेल्या कोंडाजीकडे त्याने मान वळवली. "आबा म्हनतो, वढलेल्या काडीचा जाल मडक्यात चालत नाय, चुलीचाच लागतो. म्हनतो, आपली चूल पयल्यापास्नं आजीचीच. इस्तव हाय का?"

सोनुबाईने राखेकडे पाहिलं. खाली निखारे धगधगत होते, तिला ठाऊक होतं. ज्या विस्तवावर पोरीची रोजची न्याहारी शिजली, त्याच विस्तवाने आता पोर जाळायची? तिच्याने ते होणार नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती ते शब्द बोलली.

"इझला रं."

सहदेव तिच्याकडे बघत राहिला. सोनुबाईचा विस्तव विझत नाही, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण तो वाद घालायला आला नव्हता. त्याने मान खाली घातली, कमरेला खोचलेली काडेपेटी काढली.

"मंग हीच वढावी लागंल. आबाला काय सांगू नका."

पेटीवर मोर होता. भोवती गुलाबी कागदाची पट्टी, जशीच्या तशी, कुठे फाटलेली नाही.

"ही दुसरी आनलीस?" सोनुबाईने विचारलं.

"दुसरी कशाला? तीच ही. आता तिच्या पदरात बांधायला तांदूल काढाया गेलो, तर तांदलाच्या मडक्यात खाली बुडाला व्हती. तिनं उघडलीच नाय, आजी. हातसुदा लावला नाय. का कुनास ठावं."

सोनुबाईने पेटी त्याच्या हातून घेतली. उलटी केली, सुलटी केली. ओल्या काड्या, उंदीर, कोंडाजीचं बसणं, ती नेमकी आलेली शिंक... सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पोर धांदरट नव्हती. पोर रोज सकाळी एक नवी थाप मनात जुळवून, थंडीत, खापर घेऊन, एका एकट्या म्हातारीकडे येत होती, आणि वर तिच्या शिव्याही हसत खात होती. आता मात्र सोनुबाईला रडू आलं. ते असं आलं की सहदेवने मडकं खाली ठेवून तिला धरलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. पेटी त्याच्या हातात परत दिली.

"ही नको वढू. तिनं नाय वढली, तू बी नको वढू," ती म्हणाली. "तिला माज्याच चुलीतला लागायचा."

तिने उलथन्याने राख बाजूला सारली. आतून लालभडक निखारे निघाले. एक एक करून तिने ते मडक्यात ठेवले, चांगले बघून, जसे रोज खापरात ठेवायची तसे. वर थोडी राख भुरभुरली, वाटेत विझू नयेत म्हणून. सहदेवने मडकं शिंकाळ्यात धरलं आणि तो निघाला.

थोड्या वेळाने तिरडी उचलली. पुढे धुरकटणारं मडकं, मागे हिरवं लुगडं, त्याचा पदर वाऱ्याने सुटून मडक्याच्या बाजूला फडफडत होता. सोनुबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. माणसं तिच्या दारावरून पुढे जाऊ लागली, तसे ते शब्द तिच्या तोंडून आपसूकच निघून गेले.

"पदर सांभाळ गं."