छकुलीची सीट

बाळंतविड्यात मामानं काय द्यायचं, हे पिंपळगाव राजात कोणाला विचारावं लागत नाही. पाळणा, दुपटी, बाळाला चांदीचं कडं, बाळाच्या आईला साडी. पण समीक्षाच्या धाकट्या भावाच्या, हरिओमच्या डोक्यात या खेपेस बाबागाडी शिरली होती. मोबाईलवर फोटो दाखवत तो बहिणीच्या खाटेशी येऊन बसला.

"ताई, लाल घेतो. वरून जाळी, खाली सामान ठेवायले टोपली. मलकापूरच्या गल्लीत तू घेऊन निघाली का लोक वळून पाह्यतीन."

"लोक पाह्यतीन, पण चाकं कुठं चालतीन? आमच्या गल्लीत नालीवर फरश्या हायेत, त्यातल्या अर्ध्या हालतात. मले बाबागाडी नको, हरिओम. मले कार सीट पाह्यजे."

"ते काय असते?"

"गाडीत लेकरू बांधायची खुर्ची."

"बांधायची?" स्वयंपाकघरातून आईचा, वंदनाबाईंचा आवाज आला. "वासरू आहे काय ते?"

हरिओम हसला. समीक्षाही हसली, पण तिनं मोबाईलवर आधीच काढून ठेवलेलं पान त्याच्यापुढे धरलं. वजन किती, पट्टे किती, कोणत्या गाडीत बसते, तिनं सगळं वहीत उतरवलं होतं. छकुली शेजारी झोपलेली. तिचं नाव अजून ठेवायचं होतं. ते मलकापूरला, सासरी, आत्याच्या तोंडून. तोवर सगळ्यांची छकुलीच. सव्वा महिना झाला की सासरचे न्यायला येणार होते. त्याला आता अकराच दिवस उरले होते. बाळ होण्याआधी घरात टोपडंसुद्धा आणायचं नाही अशी रीत, म्हणून सगळी खरेदी या सव्वा महिन्यात येऊन पडली होती.

समीक्षाला हे वेड कुठून लागलं, ते ती कोणाला बोलली नव्हती. दवाखान्यातून घरी येताना भाड्याची गाडी होती. चार दिवसांची छकुली वंदनाबाईंच्या मांडीवर, समीक्षाच्या मांडीवर गरम पाण्याचा थर्मास. गावाच्या अलीकडे तुरीच्या वावरातून घोड्याएवढा रोही, म्हणजे नीलगाय, एकदम रस्त्यात आला आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कोणाला काही लागलं नाही. पण दोन्ही हातांनी धरलेला तो थर्मास समीक्षाच्या हातून सुटला आणि पुढच्या काचेवर जाऊन आपटला. मग घरापर्यंत सगळे रोह्याबद्दलच बोलत राहिले. समीक्षा आपले हात पाहत राहिली. बी.एस्सी.ला तिनं फिजिक्स घेतलं होतं; पण थर्मासच्या जागी छकुली असती तर, हे समजायला कोणतं गणित मांडायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी, आईची बोलणी खाऊन आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळून, ती हरिओमबरोबर खामगावला गेली. लहान मुलांच्या दुकानात मालकानं कौतुकानं एक झोळीसारखी टोपली पुढे ठेवली.

"ताई, हे थ्री इन वन. चाकांवर लावा, बाबागाडी. खाली ठेवा, पाळणा. कारमध्ये ठेवा, कार सीट."

"कारमध्ये कशी ठेवायची?"

"सीटवर. अशी."

"पण हिला गाडीचा बेल्ट कुठून जातो?"

मालकानं टोपली उलटीपालटी करून पाहिली. बेल्ट जाईल अशी जागा कुठंच नव्हती. "बेल्ट कायले लागते? तुम्ही बाजूले बसालच ना, हात ठेवायचा."

हरिओमला ती टोपली आवडली होती. दिसायला भारी आणि पैशात बसणारी. तो बहिणीच्या तोंडाकडे पाहत होता, बहीण वरच्या फळीकडे. तिथं पारदर्शक पिशवीत काळी, जाडजूड, कडी असलेली सीट धूळ खात पडली होती.

"ते एका साहेबानं मागवलेलं," मालक म्हणाला. "बदली झाली, नेलंच नाही. दोन वर्षं झाले. उघडलंही नाही."

समीक्षानं ती खाली काढायला लावली. खालच्या प्लास्टिकवर ठोकलेली तारीख वाचली, किती वर्षं वापरता येते ते वाचलं, बाजूचे निळे आकडे, म्हणजे बेल्ट ज्यातून घालायचा ते, बोटानं चाचपले. मग पट्ट्यांचं कुलूप दहा वेळा लावलं, दहा वेळा उघडलं.

"ताई, दुकान बंद व्हायची वेळ झाली," हरिओम म्हणाला.

"अकरा वाजून राह्यले सकाळचे."

"तेच म्हणतो."

त्यानं सीट घेतली. घरी आल्यावर म्हणाला, "फोटो नाही येत हिचा चांगला."

उरलेले दिवस समीक्षानं सराव केला. पुस्तिका तिला तोंडपाठ झाली. छकुलीला त्यात झोपवायचं, पट्टा खांद्याच्या उंचीवरून आणायचा, गळ्याच्या हाडाशी दोन बोटं जातील न जातील इतकाच आवळायचा. नवऱ्याला, अविनाशला, तिनं फोनवर विचारलं, "आपल्या गाडीच्या मागच्या सीटले बेल्ट आहे ना?"

"हाव, आहे ना. लटकून राह्यला."

तेवढ्यावर तिनं विश्वास ठेवला. एरवी प्रत्येक गोष्टीचा फोटो मागणारी ती, नेमका याचा मागितला नाही.

न्यायला तिघं आले. गाडी चालवत अविनाश, पुढं सासरे इंद्रभान, मागं सासूबाई अन्नपूर्णाबाई. जेवणं सकाळीच उरकली. ब्राह्मणानं सांगितल्याप्रमाणे बारा वाजायच्या आत छकुलीनं मलकापूरच्या घराचा उंबरठा ओलांडायचा होता. पिंपळगावहून मलकापूर म्हणजे नांदुऱ्यावरून सव्वा तास. दहाला निघालं तरी चालण्यासारखं होतं. साडेनऊला ओटी भरून झाली आणि हरिओम सीट घेऊन गाडीशी गेला.

"हे काय पेटी आणली?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

समीक्षानं सांगितलं. ऐकताना सासूबाई मान हलवत होत्या. पण सीट कशी ठेवायची ते हरिओमनं दाखवलं, आणि त्यांची मान थांबली.

"तोंड मांगं?"

"हो, आत्याबाई," समीक्षा सासूबाईंना म्हणाली. "लहान लेकराची मान मजबूत नसते, म्हणून..."

"मानीचं राहू दे. पोरगी पहिल्यांदा आपल्या घरी येऊन राह्यली, अन् आजोळाकडं तोंड करून येईन? पाठमोरी? अन् आपल्या घरची रीत आहे बाई, लेकरू आजीच्या पदरात येते. अविनाश आला, त्याची बहीण आली. मी काय हात हालवत जाऊ?"

हे पुस्तिकेत नव्हतं. समीक्षा म्हणाली, "आत्याबाई, गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवू. तिथून तुम्ही पदरात घ्या, अन् घरापर्यंत चालत चला. तोंड पुढं करून. सगळी गल्ली पाह्यते."

अन्नपूर्णाबाईंनी हे मनात तोलून पाहिलं. गाडीतून दारात उतरण्यापेक्षा गल्लीतून चालत जाण्यात वजन जास्त होतं, हे त्यांना पटायला फार वेळ लागला नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "पण गल्लीच्या तोंडाशीच. घराजवळ नाही."

तेवढ्यात गाडीतून हरिओमचा आवाज आला. "भाऊजी, बेल्ट तर आहे. अडकवायचं कुठं?"

अविनाश वाकला. समीक्षा वाकली. मागच्या सीटवर तपकिरी रेक्झिनचं कव्हर होतं, जाड, टाके घातलेलं, चार वर्षांत एक डाग नसलेलं. बेल्टची जीभ ज्यात खटकन बसते, ती कुलपं कुठंच दिसत नव्हती. हातानं दाबलं तेव्हा कळलं की ती कव्हराच्या खाली आहेत.

"ते टोचत होते," इंद्रभान म्हणाले. "म्हणून कव्हरवाल्याले सांगून मीच खाली दाबून घेतले. मांगं बेल्ट कोण लावते?"

समीक्षाचं तोंड उतरलं. अविनाशनं बोटं घालून पाहिली. कव्हर तळापर्यंत शिवलेलं. "कापावं लागन, बाबा."

"कापतो?" इंद्रभान गाडीच्या दारात येऊन उभे राहिले. "हे कव्हर अकोल्याहून बसवून आणलं. पन्नास किलोमीटरसाठी कापतो? लेकरू मांडीवर घ्या. आजपर्यंत काय सारे लेकरं रस्त्यात सांडले काय?"

अविनाश बायकोकडे पाहू लागला, मग वडलांकडे, मग परत बायकोकडे. "समीक्षा, आजच्या दिवस... मी हळू चालवतो. चाळीसच्या वर नाही नेणार."

सव्वा महिना समीक्षा सगळ्यांचं ऐकत आली होती. डिंकाचे लाडू, कानाला फडकं, शेकशेगडी. आता ती छकुलीला खांद्याशी धरून ओट्याच्या पायरीवर जाऊन बसली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "कव्हर नका कापू. पण मग मी आज येत नाही. अविनाश, तुम्ही दुसरी गाडी पाहा. उद्या जाऊ."

सून असं बोलली, ते माहेरच्या ओट्यावर बसून बोलली, आणि तेही ओटी भरल्यावर. अन्नपूर्णाबाईंनी वंदनाबाईंकडे पाहिलं. मुलीला समजवा, असं ते पाहणं होतं.

"इहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर दवाखान्यातून मांडीवरच आणली ना? काय झालं?"

समीक्षानं थर्मासची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. पण आधी वंदनाबाई बोलल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली पाहून.

"माह्या हातातून सुटली होती."

"कोण?"

"छकुली. रोही आला तेव्हा. अर्धी सुटली होती. दुपटं तेवढं माह्या मुठीत राह्यलं, त्या दुपट्यानं ओढून घेतली. मी कोणालेच नाही सांगतलं. हिलेही नाही." त्यांनी समीक्षाकडे पाहिलं नाही. "सांगून काय, म्हटलं. दूध आटलं असतं तिचं."

समीक्षानं छकुलीच्या पाठीवरचा हात काढला आणि परत ठेवला. इतके दिवस वासरू बांधायची खुर्ची म्हणून चिडवणारी आई हीच.

इंद्रभानांनी खिशातून रुमाल काढून विनाकारण गाडीचा आरसा पुसला. मग म्हणाले, "कैची आणा बरं. धारदार आणजा."

कव्हर त्यांनी स्वतःच कापलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बोटभर चीर, मग दोन बोटं, मग आतून कुलूप बाहेर ओढलं. एक झाल्यावर ते थांबले, चिरेकडे पाहिलं आणि बाकीच्या दोन्ही ठिकाणीही कैची चालवली. "एक कापलं तर दुसऱ्यानं काय पाप केलं," ते पुटपुटले. "बसा पटापट. साडेदहा झाले."

सीट बसली. समीक्षानं गुडघा रोवून बेल्ट ओढला, कडी धरून हलवली. सीट बोटभरही सरकली नाही. छकुली आत गेली, पट्टे लागले. इतक्या दिवसांची धास्ती आता सरेल, असं समीक्षाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

वडनेरच्या अलीकडे छकुली रडू लागली. आधी कुरकुर, मग टाहो. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या.

"अगं माय माय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "घे बाई मांडीवर. काढ ते पट्टे. दोन मिनिटं घेतलं तर काय होते?"

"भूक लागली असन," अविनाश आरशातून पाहत म्हणाला. "घे समीक्षा, रस्ता मोकळाच आहे."

रस्ता खरंच मोकळा होता. चारपदरी, सरळ. आणि यावेळी भांडण त्यांच्याशी नव्हतं, स्वतःशीच होतं. समीक्षाचे स्तन भरून आले होते, ब्लाउज ओला होत होता, आणि तिचा हात केव्हाच कुलपाच्या लाल बटणावर जाऊन पोचला होता. नुसतं दाबायचं होतं. दोन मिनिटं. बोट तिथंच ठेवून ती एका ट्रकची मागची बाजू जवळ येताना आणि बाजूला जाताना पाहत राहिली.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"इथं? पंधरा मिनिटांत..."

"थांबवा. रस्त्याच्या खाली घ्या."

ढाब्याच्या आवारात, कडुनिंबाखाली गाडी उभी करून तिनं पाजलं. वीस मिनिटं गेली. परत बांधलं, निघाले. आठ किलोमीटरवर लंगोट ओला. परत थांबले. पुढं उगाचच रडली. समीक्षानं पुन्हा थांबवायला लावली, खांद्यावर घेऊन रस्त्याकडेला फेऱ्या मारल्या, परत बांधलं. इंद्रभान प्रत्येक वेळी घड्याळ पाहत. तिसऱ्या वेळी बाराला पाच कमी होते. त्यांनी मागं वळून बायकोकडे पाहिलं.

"वाजू द्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. आणि समीक्षाकडे सरकून, "तो डाव्या बाजूचा पट्टा पिळला आहे, पाह्य. सरळ कर. रुतन तिले."

पट्टा खरंच पिळला होता. समीक्षाच्या नजरेतून तो सुटला होता.

गल्लीच्या तोंडाशी पोचायला साडेबारा झाले. अन्नपूर्णाबाई उतरल्या, पदर पसरला, छकुली घेतली आणि तिचं तोंड घराकडे केलं. फरश्यांवरून जपून पाय टाकत त्या चालू लागल्या. अविनाश गाडी लावायला गेला. मागं समीक्षा, हातात रिकामी सीट. दारात ओवाळून टाकायला भाकर-पाण्याचं ताट घेऊन बायका ताटकळल्या होत्या. शेजारच्या सुभद्राबाई पुढं आल्या.

"काऊन व अन्नपूर्णा, एवढा उशीर? बारा टळून गेले. गाडी बिघडली काय?"

"गाडीले काय होते?" अन्नपूर्णाबाई न थांबता म्हणाल्या. "नात रडली का गाडी थांबवा लागते. तीन खेपा थांबलो. चालत्या गाडीत लेकरू काढत नसतात, एवढंही माहीत नाही तुले?"