तोंड बंद केलेला जंपर

मित्रांनो, मी संगणकातला एक जुना जंपर आहे, दोन पिना जोडणारा चिमुकला तुकडा. नाक मुरडू नका. मला माहीत आहे, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कचरा समजून फेकून दिलं असतं. काळं प्लास्टिकचं टोपडं आणि आत धातूची पट्टी, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून मी आलो तो रक्त तपासणाऱ्या लॅबमधल्या संगणकात. तिथल्या हार्ड डिस्कच्या दोन पिनांवर मी बसलो, म्हणून ती केबलमधून येणारा प्रत्येक आकडा पडताळून घ्यायची. जरा बिघाड दिसला की काम थांबवून पडद्यावर बोंब ठोकायची. सहा वर्षं मी ही राखण केली. कौतुक? लॅब चालवणाऱ्या वहिनी कधीतरी वरची धूळ पुसत, तेवढंच.

पुढे केबल जुनी झाली. चुका वाढल्या, बोंब वाढली. वहिनींचा दीर दुरुस्तीला आला. हातात चिमटा आणि अंगात घाई!

"वहिनी, केबलला काही झालेलं नाही. हा किडा उगाच कटकट करतोय."

"अहो भाऊजी, काहीतरी सांगत असेल ना तो?"

"सांगतोय कसला! आपल्या आईसारखा आहे. शिंक आली तरी घर डोक्यावर."

त्याने मला उपटलं आणि खणात टाचण्यांमध्ये भिरकावलं. बोंब थांबली. चुका थांबल्या नव्हत्या. त्या आता गुपचूप आत शिरत होत्या.

चौथ्या दिवशी त्याच्याच आईच्या साखरेचा रिपोर्ट छापून निघाला: १८५. डॉक्टरांनी साखर उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत साखर फारच उतरली आणि आई स्वयंपाकघराच्या दारात घामाघूम होऊन कोसळल्या.

वहिनींना प्रत्येक आकडा आधी वहीत लिहायची सवय होती. त्यांनी वही उघडली. तिथे १०५ होते.

"भाऊजी, शून्याचा आठ कुणी केला?"

त्याने खण जमिनीवर उपडा केला आणि गुडघ्यांवर बसून मला शोधलं. दोनदा टाचणी टोचली त्याला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

गोळ्या बंद झाल्या, आई सावरल्या. नवी केबल आली, मी जागेवर बसलो. वहिनींनी वही घेऊन सगळे रिपोर्ट पुन्हा तपासले.

मित्रांनो, चूक दाखवणाऱ्याला उपटू नका, आधी चूक शोधा. आता पडदा ओरडला की तो निमूटपणे केबल तपासतो. आईंनी त्याला केव्हाच माफ केलं. मी नाही. तो आला की मी आधी चिमटा कुठे आहे ते बघतो.