नळ आल्याची हाक

स्वतःचंच गाणं चोरल्याच्या संशयात अश्विन थूल सापडला होता, आणि ते चोरलं कोणाकडून, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या घरात मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या टेकवून त्याने आपला स्टुडिओ थाटला होता. तिथे ना तबला, ना पेटी. सगळं संगीत कॉम्प्युटरवर रचलेलं. दोन वर्षं घासूनपुसून त्याने एक गाणं पुरं केलं आणि जगभरच्या अ‍ॅपवर गाणी पोचवणाऱ्या एका कंपनीकडे रीतसर पाठवलं. शुक्रवारी ते रिलीज व्हायचं होतं, पहिल्यांदाच, त्याच्या स्वतःच्या नावाने. त्याचे वडील कवडू थूल यांनी एसटीतल्या जुन्या सोबत्यांना सांगून ठेवलं होतं, की शुक्रवारी पोरगा निघणार आहे. कुठून निघणार आणि कुठे जाणार, असं त्यांना कोणी विचारलं नाही, म्हणून निभावलं.

आणि मंगळवारी कंपनीचं ईमेल आलं. हे गाणं दुसऱ्या कलाकाराच्या नावाने आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. शिवाय गाण्यातला आवाज कोणाचा, आणि त्या व्यक्तीची परवानगी आहे का? उद्यापर्यंत खुलासा करा, नाहीतर रिलीज रद्द.

अश्विन बुचकळ्यात पडला. जे गाणं अजून आपल्या खोलीबाहेर पडलं नाही, ते आपल्याआधी बाहेर कसं पोचलं? आणि आवाज? गाण्यात आवाज होता खरा, पण तो ओळखणारा माणूस जन्माला यायचा होता, अशी त्याची पक्की खात्री होती. ती हाक होती त्याच्या आईची. कांताबाई थूल गल्लीच्या तोंडाशी राहत, त्यामुळे पाणी सगळ्यात आधी त्यांच्याकडे येई, आणि आलं की त्या दारात उभ्या राहून साऱ्या गल्लीला हाळी देत, "नळ आले वंऽ, नळ आलेऽ!" अश्विनने खिडकीतून गुपचूप ती मोबाइलवर टिपली. मग तिचे तुकडे केले, पट्टी बदलली, पार घोगरी करून टाकली. हाक त्याला फार आवडत होती. पण गाण्यात आपली आई नळ आले म्हणून ओरडते, हे दोस्तांना कळायला नको होतं. कंपनीला पाठवायचे तपशील भरताना गायकाच्या जागी त्याने लिहिलं होतं, कोणी नाही.

त्याने अ‍ॅपवर शोधाशोध केली. गाणं सापडलं. तोच ठोका, तीच हाक. मधे त्याने मोठ्या हौसेने एक शांत जागा ठेवली होती, ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा म्हणून. नेमकं तिथेच कोणीतरी गरजलं, "डीजे रुपेऽश आर्वीवालाऽ!"

अश्विनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुपेश! आयटीआय करताना याच घरी राहिलेला, याच खोलीत झोपलेला, कांताबाईंच्या हातच्या भाकरी खाल्लेला रुपेश. आता आर्वीत त्याचे डीजेचे बॉक्स होते. लग्नसराईत अश्विननेच त्याला गाणं पाठवलं होतं, मोठ्या बॉक्सवर कसं वाजतं ते सांग म्हणून; ते त्याला आत्ता आठवलं. आता या धंद्याची एक रीत आहे. गाणं ज्याच्या बॉक्सवर वाजेल, त्याच्या नावाची आरोळी त्यात घुसते. अश्विनला ती माहीत नव्हती असं नाही. आपण कलाकार, आपल्याला ती लागू नाही, असं मात्र त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी त्याने आर्वीची एसटी धरली. वाटेत त्याने चांगली चार-पाच झणझणीत वाक्यं जुळवली. पण रुपेशने त्याला पाहिलं आणि हातातलं वायरचं भेंडोळं टाकून मिठीच मारली. झाली का पंचाईत! मिठीतल्या माणसाला चोर म्हणायचं तरी कसं?

"रोहणा गावच्या लग्नात काय वाजलं बे तुहं गाणं!" रुपेश म्हणाला. "नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला."

"माहं गाणं ना? मंग तुह्या नावानं काऊन टाकलं?"

"दोन वर्ष झाले, तू नुसता रिलीज करतो, रिलीज करतो म्हणून राह्यला. मले वाटलं, तू काही टाकत नाई. दुसऱ्या कोणी उचललं असतं तर? म्हणून माहं नाव ठोकलं. तुले पायजे तं आत्ताच काढून टाकतो."

अश्विनची जुळवलेली वाक्यं वाया गेली. भांडायला यावं आणि समोरच्याने भांडणच देऊन टाकावं, याचं काय करायचं ते त्याला सुचेना.

"काढ मंग," तो कसाबसा म्हणाला.

"काढतो. पण काकूले सांगजो बरं. तिनं हो म्हटलं म्हणून टाकलंतं मी."

"कोणती काकू?"

"तुही माय, दुसरी कोणती? तो आवाज तिचाच नाई का? दोन वर्ष त्या हाकेवर बादल्या भरल्या मी, मले समजणार नाई? गेलतो वर्ध्याले, तं घरी जाऊन विचारून आलो. तू नव्हता." रुपेशने मोबाइल पुढे केला. गाण्याखाली लिहिलं होतं, गायिका: कांता कवडू थूल.

अश्विन त्या नावाकडे पाहत राहिला. चोराने विचारलं होतं, आणि मालकाने? कोण चोर आणि कोण मालक, याचाच त्याच्या डोक्यात पार गुंता झाला. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. स्टँडवर येऊन त्याने घरी फोन लावला.

"आई, रुपेश आलता काय? गाण्याचं विचाराले?"

"आलता. गाण्यात तुमची हाक हाय म्हणे, राहू देऊ काय? म्या म्हटलं, राहू दे."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुनं सांगितलं काय मले?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सगळं बळ एकवटून अश्विन म्हणाला, "आई, ते गाणं मी केलं हाय. शुक्रवारी निघते. तुहं नाव टाकतो. तुहा आवाज घेऊ काय?"

पलीकडे कांताबाईंनी कुकरखालचा गॅस बंद केला.

"लय घोगरी केली म्हणे तू मले," त्या म्हणाल्या. "रुपेश सांगे, समजतच नाई म्हणे बाई हाय का माणूस हाय."

"आई, आजच कळवा लागते त्यायले."

"मंग लवकर येजो. मले आवाज मोकळा करून ऐकव. मंग सांगतो, हो का नाई ते."

फोन ठेवला गेला. वर्ध्याची गाडी फलाटाला लागली होती. अश्विन धावत जाऊन चढला, आणि जागा मिळायच्या आधीच दांडीला धरून त्याने कानाला मोबाइल लावला. त्यात आईची मूळची हाक अजून होती, तशीच, कुठेही न तोडलेली.